वरच्या अंगाचं पाणी

ट्रे वर ओढताना जड लागला तेव्हाच शांताबाईला कळलं, आज पुन्हा तेच.

बांबूच्या चौकटीला मच्छरदाणीचं कापड ताणून केलेला तो ट्रे. त्यात खाद्य टाकायचं, दोरीनं तळ्यात सोडायचा, आणि सकाळी वर काढून बघायचं, झिंग्यांनी किती खाल्लं. खाद्य सगळं फस्त झालेलं होतं. पण ट्रेमध्ये झिंगे मोजकेच, अजून करंगळीएवढेही न झालेले. बाकी सगळ्या घोंघी, पाण्यातल्या गोगलगायी. काळपट, चिकट, एकमेकींच्या पाठीवर बसलेल्या. महागाचं खाद्य झिंग्यांच्या नावानं यायचं आणि घोंघी खाऊन माजत होत्या.

तिनं ट्रे तळ्याच्या पाळीवर उपडा केला, काही घोंघी चपलेनं चिरडल्या, उरलेल्या परातीत भरल्या आणि मग लुगडं जरा वर घेऊन पोटऱ्या खाजवल्या. गुडघ्याखाली लाल पुरळ उठलं होतं. खाजवावं तर आग होई, न खाजवावं तर जीव जाई. करंजाचं तेल लावून झालं, कडुनिंबाचा पाला वाटून झाला. नवऱ्याला तिनं अजून काही सांगितलं नव्हतं. सांगितलं की तो लगेच उपाय करेल, आणि त्याच्या उपायांचीच तिला आता धास्ती वाटत होती.

हिरालाल मेश्राम रायपूरच्या रेल्वे कारखान्यात वॅगनी दुरुस्त करत म्हातारा झाला होता. हातात कसब होतं, डोक्यात एकच रीत. डबा बिघडला की त्याच्यावर पांढऱ्या रंगानं फुली मारायची, गाडीपासून तोडून ‘सिक लाइनी’वर न्यायचा, खराब पुर्जा शोधायचा, काढायचा, फेकायचा. सगळ्या जगाकडे तो याच नजरेनं बघायचा. पोरगा नापास झाला तेव्हा त्यानं आधी घरातला टीव्ही विकला होता. पोरगा पुढच्या वर्षीही नापासच झाला, ती गोष्ट निराळी.

राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झाली, मोठमोठी हॉटेलं उठली आणि लग्नाच्या पंगतीत झिंगे दिसू लागले. रायपुरातल्या तात्यापाऱ्यात राहणारा त्यांचा यशदीप हॉटेलांना माल पुरवायचं काम करायचा. त्यानंच झिंगे पाळायचं बापाच्या डोक्यात भरलं. निवृत्त झाल्यावर हिरालालनं क्वार्टर सोडलं आणि डुमरडीह गावात खोलगट धानाचं शेत घेऊन तळं खोदलं. हिरालालच्या घराण्यात सात पिढ्यांत कोणाच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. तळ्यात पहिलं पाणी भरलं त्या दिवशी तो काठावर उकिडवा बसून उगाचच पाण्यात हात घालत होता, काढत होता. शांताबाईला तेव्हा तो फार आवडला होता.

तळं गावाच्या वरच्या अंगाला. तळ्याची मोरी उघडली की जुनं पाणी नाल्यानं खाली जायचं आणि हाकेच्या अंतरावरच्या गावतलावात पडायचं. त्या तलावात अख्खं गाव अंघोळ करायचं, भांडी घासायचं, गुरं धुवायचं. मोरी खोदताना कोणी काही बोललं नाही. पाणी उताराकडे जाणार, त्यात बोलायचं काय?

पहिल्या वर्षी झिंग्यांचं बी, म्हणजे तळ्यात सोडलेली बारीक पिल्लं, टिकलं नाही. हिरालालनं खराब पुर्जा शोधायला घेतला. शेजारच्या केजाबाईची बदकं रोज तळ्यात उतरायची. हिरालालनं स्वतःच्या डोळ्यांनी एका बदकाच्या चोचीत झिंगा बघितला. झालं. तो सरपंचाकडे गेला, आणि परत येताना केजाबाईच्या बदकांच्या खुराड्यावर, तिच्यादेखत, पांढऱ्या रंगाची फुली मारून आला.

केजाबाई भांडली नाही. "हव भैया," म्हणाली. "बदक मन ला बेटी घर पठो देथँव." आणि खरोखरच तिनं बदकं पोरीच्या गावी पाठवून दिली.

मग पाखरं. उघड्या चोचीचे उंच करकोचे, त्यांना इकडे घोंघिल म्हणतात, पावसाच्या तोंडाशी येऊन पाळीवरच्या कहुआच्या झाडावर घरटी करायचे आणि दिवसभर तळ्यात उभे राहायचे. पाण्यात उभा तो चोर, असा हिरालालचा हिशेब. कहुआच्या खोडावर फुली. तळ्यावरून नायलॉनच्या दोऱ्या ताणल्या, त्यांना जुन्या कॅसेटींच्या फिती बांधल्या. वाऱ्यावर फिती अशा फडफडायच्या की पाखरं तर गेलीच, शांताबाईचीही दुपारची झोप गेली.

शेवटी बाया. गावातल्या बाया संध्याकाळी टोपल्या घेऊन पाळीच्या कडेनं घोंघी वेचायच्या, भाजीला. त्यांच्या पायांनी पाळ खचते म्हणून काटेरी तार आली, वाटेवरच्या खुंटाला फुली आली. त्या वेळी शांताबाईलाही बरंच वाटलं होतं. आपल्या जागेला आपलं कुंपण. तार ओढताना पलीकडून तिनंच धरली होती.

दुसऱ्या वर्षी बी टिकलं. हिरालाल मिशीला पीळ देत हिंडू लागला. "पायलं? पुर्जा सापडला का गाडी चालते," तो म्हणाला. खाद्य वाढवलं. पाणी हिरवं झालं, मग दाट झालं, मग त्याला वास येऊ लागला. वास आला की मोरी उघडायची, जुनं पाणी सोडून द्यायचं, बोअरचं ताजं पाणी आत घ्यायचं. सोपं होतं. आपल्या दारातली घाण लोटली की दार स्वच्छ.

भादव्यातल्या त्याच सकाळी शांताबाई घाटावर गेली तेव्हा बाया सरकल्या.

फार नाही, एक पायरी. ती खालच्या पायरीवर कपडे भिजवायला बसली, आणि तिच्या बाजूच्या दोघींनी आपले पिळे उचलले आणि वरच्या पायरीवर जाऊन बसल्या. कोणी वाकडा शब्द बोललं नाही. नेहमीसारखं ‘तुमसरहिन, बइठ’ असंही कोणी म्हणालं नाही. इकडे बाईला तिच्या माहेरच्या गावावरून हाक मारतात. शांताबाईचं माहेर तुमसरजवळचं, म्हणून ती तुमसरहिन. आयुष्यभर ती मेश्रामबाई होती, यशदीपची आई होती. माहेरच्या नावानं हाक मारणारं कोणी आपल्याला या वयात भेटेल असं तिला वाटलं नव्हतं. ती हाक ऐकायला ती घरी नळ असूनही घाटावर यायची.

आज हाक नव्हती. एका लेकुरवाळीच्या मांडीवरचं पोर सारखं पाय खाजवत होतं, आणि त्याच्या पोटऱ्यांवर तेच लाल पुरळ होतं.

शांताबाई खाली मान घालून कपडे आपटत राहिली. तिला तिची आई आठवली. आईच्या गावी तलावाला एक काठ वेगळा होता, खालचा, म्हशी बसायच्या तिकडचा. वरच्या काठाला आईनं कधी पाय लावला नाही. दिवस पालटल्यावरही, कोणी अडवणारं उरलं नाही तरी, आई पाण्याजवळ जाताना अंग चोरून जायची. तू आलीस की पाणी बाटतं, हे वाक्य तिच्या अंगात इतकं मुरलं होतं. ते वाक्य धडधडीत खोटं होतं. शांताबाईनं ते खोटं आहे म्हणून आपल्या पोरांना शिकवलं होतं. आणि आता ती स्वतः वरच्या अंगाला राहत होती आणि तिच्या घरचं पाणी खाली येऊन अख्ख्या गावाचा तलाव नासवत होतं. खोटं वाक्य आपण आपल्या हातानं खरं करतो आहोत की काय? ओले कपडे तसेच बादलीत कोंबून ती उठली.

घरी आली तर यशदीपची मोटरसायकल दारात उभी. मागच्या सीटला गोणी बांधलेली. हिरालाल गोणी सोडत होता.

"काय हाय हे?"

"मोरचूद," हिरालाल म्हणाला. गोणीचं तोंड सुटलं आणि आतले निळेशार खडे दिसले. "घोंघीवर दवा. तळ्यात टाकलं तं झिंगे मरतीन. पान्यासंगं घोंघीही मोरीतून सोडाच्या आन नाल्याच्या तोंडाशी हे टाकाचं. एक घोंघी खाली जात नाई मंग."

"मम्मी, इससे सब साफ हो जाएगा," यशदीप म्हणाला. तो मराठी समजायचा, बोलायचा मात्र हिंदीच. "कल सुबह पानी बदल दो. सीझन में माल चाहिए, मैंने हॉटेल वाले को ज़ुबान दे दी है।"

"उद्या कमरछठ हाय," शांताबाई म्हणाली. "बाया तलावावर आंघोळीले येतीन. लेकरांसाठी उपास धरतेत."

"मग? आपुन का त्यायले येऊ नोको म्हनून राहिलो?"

तिनं चहा टाकला. चहा पिऊन यशदीप गेला. हिरालाल ओसरीवर बाज कसायला बसला. उन्हं कलली होती. बाजेची दोरी एका बाजूनं ओढली की दुसरीकडे झोळ पडायचा, तिकडे ओढली की इकडे. तो कुरकुरत होता. शांताबाई आत गेली, परातीत सकाळच्या घोंघी घेऊन बाहेर आली आणि त्याच्यासमोर फरशीवर बसली.

"मोरचूद टाकल्यावर पानी जाईन कोठी?" तिनं विचारलं.

"तलावात. आखीन कोठी?"

"तलावातल्या मासोळ्या?"

"त्यायले काई होत नाई. थोडंसंच तं टाकाचं हाय."

"खाद्यही थोडंसंच वाढवलं होतं तुमी."

हिरालालनं दोरी ओढायची थांबवली. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोच्या या आवाजाची त्याला ओळख होती. तिनं परातीतली एक घोंघी उचलून फरशीवर ठेवली.

"हे बदकं खात होते. मी पायलं. चोच भरून नेत होते."

"बदकं झिंगे खात होते."

"खात होते. थोडे. त्याच्यापेक्षा जास्ती हे खात होते." तिनं दुसरी घोंघी ठेवली. "हे ते घोंघिल खात होते. पान्यात उभे राहून दिवसभर हेच काम त्यायचं." तिसरी ठेवली. "हे बाया नेत होत्या. टोपलेच्या टोपले. आपुन तिघायलेही हाकललं. तार मी धरली होती, तुमी एकटेच नाई. मंग खाद्य टाकलं. मंग खानारे फक्त हेच राहिले." आणि तिनं अख्खी परात फरशीवर ओतली. घोंघी घरंगळत बाजेखाली गेल्या.

हिरालालनं वाकून बाजेखाली बघितलं.

"पानी सडलं तं खाली सोडलं. घोंघी खाली गेल्या. आता तलावात जो उतरते त्याच्या अंगाले खाज सुटते. कशी सुटते मले नाई माहीत. पन हे आल्यापासून सुटली." तिनं लुगडं गुडघ्यापर्यंत वर केलं आणि पोटऱ्या दाखवल्या.

तो चमकला. "कधीपासून हाय? सांगतलं काहून नाई?"

"सांगतलं असतं तं माह्यावरही फुली मारली असती."

ती हे हसण्यावारी बोलली नव्हती आणि तोही हसला नाही. तो बाजेच्या दोरीचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत बसला.

"मंग कोनता पुर्जा खराब हाय, तूच सांग."

"पुर्जा कोनताच खराब नोहता," शांताबाई म्हणाली. "गाडी जुडेल होती. तुमी एक एक कपलिंग सोडत गेले."

तो चिडला. पाणी बदललं नाही तर झिंगे मरतील, म्हणाला. दोन वर्षांची मेहनत, पोराची जबान, सगळं पाण्यात. आपण इथं आलो ते काय लोकांच्या पोटऱ्या मोजायला? शेवटी आवाज खाली आणून म्हणाला, "मोरी बंद ठेवतो. तळ्यात आखीन वीतभर पानी मावते. सकाळी बिजलीची लाइन आली का बोअर चालू करतो, ताजं पानी भेटलं तं झिंगे दोन दिवस तगतीन. पुढचं पुढं पाहू." मोरचुदाची गोणी त्यानं उचलून कोपऱ्यात ठेवली. फेकली नाही.

सकाळी शांताबाई पाळीवर आली. ढग उतरून बसले होते, वारा पडलेला, फितीसुद्धा हालत नव्हत्या. पाण्यात श्वास पुरेना म्हणून झिंगे काठाला आले होते. सगळ्या बाजूंनी, पाण्याला तोंड लावून, एकमेकांवर चढत. हात घातला तर ओंजळीत आले असते, पळायचं त्राण त्यांच्यात नव्हतं. हिरालाल बोअरच्या खोलीच्या दारात लाइनीची वाट बघत उभा होता. रात्रभर तो झोपला नसावा. आणि खाली मोरीच्या लोखंडी झडपेवर तिला पांढरी फुली दिसली, रंग अजून ओला होता.

ती फुलीकडे एकदा बघून घाटाकडे उतरली.

बाया आल्या होत्या. उपासाच्या, केस मोकळे सोडलेल्या, हातात पितळी लोटे, पूजेच्या टोपल्या. पण पाण्यात कोणी नव्हतं. सगळ्या वरच्या पायऱ्यांवर उभ्या होत्या आणि तलावाच्या हिरव्या साईकडे बघत होत्या. अंघोळ झाल्याशिवाय पूजा नाही, आणि या पाण्यात उतरायचं धाडस नाही. गावात हँडपंप एकच, त्यावर प्यायच्या पाण्याची रांग लागलेली.

शांताबाईच्या मनात आलं, परत फिरावं, ताप आला म्हणून पडून राहावं. तिचे पाय मात्र पायऱ्या उतरत राहिले. ती बायांच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

"ये पानी हमारे कारण खराब हुआ," ती म्हणाली. तिची हिंदी रेल्वे कॉलनीतली, मोडकीतोडकी. "झिंगे का पानी इधर छोड़ा हमने. उसी से घोंघी आई, उसी से खुजली हुई. मेरे को भी है." आणि तिनं भर घाटावर पोटऱ्या उघड्या केल्या.

आता ते वाक्य येईल, आईच्या गावचं, याची ती वाट बघत राहिली. त्याला काय उत्तर द्यायचं तेही तिनं वाटेत जुळवलं होतं.

केजाबाई पुढे आली. तिनं वाकून शांताबाईचं पुरळ नीट बघितलं.

"हव," ती म्हणाली. "जानथन."

"मालूम था?"

"सब ला मालूम रिहिस. ऊपर के पानी ए, खालेच आही. तैं अपन मुँह ले कब कहिबे, इही ला अगोरत रहेन."

वरचं पाणी खालीच येणार; तू आपल्या तोंडानं कधी सांगशील, याचीच वाट बघत होतो. एवढंच. म्हणून सरकल्या होत्या, म्हणून हाक बंद होती. शांताबाईला रडू फुटलं. कालपासून तिनं त्यांच्या गप्प राहण्यात भलतंच काही ऐकलं होतं, याची लाज वाटली. आणि त्या तिच्यावर रागावल्या होत्या तेही खरंच होतं, तो राग रास्तही होता.

"असनान बर पानी कहाँ ले आही?" मागून एक म्हातारी म्हणाली. तिला न्हायच्या पाण्याची काळजी होती, या रडारडीत रस नव्हता. दिवस वर चढत होता.

तेवढ्यात वर बोअरची मोटर घरघरली. लाइन आली होती.

शांताबाई पायऱ्या चढून पाळीवर गेली. काळ्या पाइपातून जाड, पांढरं पाणी तळ्यात पडत होतं, आणि झिंगे सगळ्या बाजूंनी त्या पाण्याखाली गोळा होत होते. हिरालाल शेजारी उभा राहून बघत होता. त्याचा चेहरा पहिल्या दिवशीसारखा झाला होता, पाण्यात हात घालणारा.

"लाइन किती वेळ राहीन?" तिनं विचारलं.

"राहीन घटकाभर. काहून?"

"खाली बाया उभ्या हायेत. आंघोळीले पानी नाई."

त्यानं झिंग्यांकडे बघितलं, खाली घाटाकडे बघितलं. पाइप एकच होता. घटकाभराचं पाणी एका ठिकाणीच जाणार होतं, हे त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याचा जबडा दोनदा हलला. मग त्यानं धोतर खोचलं, लांबलचक पाइपाचं तोंड तळ्यातून उचललं आणि खांद्यावर घेऊन पाळीवरून ओढत निघाला. काटेरी तारेपाशी अडकला तेव्हा त्यानं पक्कड काढून तारच तोडली. घाटाच्या वरच्या पायरीवर त्यानं पाइप टेकवला. बायामाणसांची जागा, म्हणून मान वर न करता परत फिरला आणि घाटाकडे पाठ करून पाळीवर जाऊन बसला.

पाणी पायऱ्यांवरून उड्या मारत वाहू लागलं. बाया उभ्याच होत्या.

शांताबाईनं पाइप उचलून धरला. पाइप जड होता, पाण्याच्या जोरानं मागे रेटत होता. उपासाचा दिवस, देवाचं काम, आणि पाणी आपल्या हातचं. घेतील? चोळी भिजली, पदर भिजला, ती तशीच उभी राहिली. तेवढ्या वेळात तिची आई तिच्या मनात येऊन गेली.

केजाबाई आली आणि सरळ पाइपाखाली डोकं धरून बसली. थंड पाण्यानं तिचा श्वास कोंडला आणि ती हसली. मग लेकुरवाळी आली, पोराला पुढे करून. मग दुसऱ्या. गर्दी झाली, ढकलाढकल झाली, कोणाची टोपली लवंडली, कोणी कोणाला दटावलं. शेवटी ती म्हातारी पायरी पायरीनं खाली आली. न्हायच्या आधी तिनं राखेनं घासलेला लोटा पुढे केला, पूजेच्या पाण्याचा.

"भर दे ओ तुमसरहिन," ती म्हणाली.

शांताबाईनं लोटा काठोकाठ भरला.

पाळीवर हिरालाल तळ्याकडे तोंड करून बसला होता. काठाचे झिंगे पांढरे पडत चालले होते, काही उलटे झाले होते. कहुआच्या शेंड्यावर कुठून तरी एक घोंघिल येऊन बसला होता, फितींना बिचकत. हिरालालनं त्याला हाकललं नाही.

"झालं का समद्यायचं?" त्यानं मागे न बघता विचारलं.

शांताबाईनं पायऱ्यांकडे नजर टाकली. हँडपंपाची रांग सोडून आणखी बाया घाटाकडे येत होत्या.

"नाई. आखीन हायेत."

"मंग राहू दे चालू," हिरालाल म्हणाला.